काचेच्या कपाटातील देव

नगर भागातील एका माळकरी गृहस्थांनी आम्हांस एक शंका विचारली आहे. त्यांच्या घरी पणजोबांच्या हातची श्रीज्ञानेश्वरीची पोथी आहे. सुटी पाने, वरखाली लाकडी फळ्या, तांबड्या बासनात बांधलेली. दसऱ्याला ती काढतात, गंधफूल वाहतात आणि पुन्हा बांधून देव्हाऱ्यावरच्या फळीवर ठेवतात. वाचीत कोणी नाही. घरात पारायण होते ते छापील प्रतीवरून. आता घराच्या वाटण्या व्हायच्या आहेत. थोरले बंधू म्हणतात, पोथी प्रवरासंगमावर नेऊन गंगेत सोडावी, म्हणजे विटंबना टळेल. मुलगा म्हणतो, नगरच्या वस्तुसंग्रहालयाला देऊन टाकू. घरातील वडील माणसांना हे मुळीच पटत नाही. "देव काय कपाटात कोंडायचा, अन् येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायचा?" असे त्यांचे म्हणणे. गृहस्थ विचारतात, यात धर्म कोणता?

शंका एका घरची असली तरी ती पुष्कळ घरांची आहे, म्हणून तिचा विचार येथे सर्वांसमक्ष करीत आहोत.

प्रथम त्या मुलाच्या बाजूने पाहू. नगरचे ऐतिहासिक वस्तुसंग्रहालय १९६० सालचे, म्हणजे ज्या वर्षी महाराष्ट्र राज्य झाले त्याच वर्षीचे. पंढरीच्या वाटेवर किंवा कोर्टकचेरीच्या कामाने नगरला येणारे आमचे कित्येक वारकरी किल्ला बाहेरून पाहतात, चांदबिबीचा महाल म्हणून प्रसिद्ध असलेली सलाबतखानाची कबर डोंगरावर दुरून पाहतात, पण या संग्रहालयाची पायरी चढत नाहीत. चढावी. आत मोडी कागद आहेत, पोथ्या आहेत, नाणी, शस्त्रे, नकाशे आहेत, गणपतीच्या नाना घडणींच्या मूर्ती आहेत. आणि २०० फूट लांबीची म्हणून सांगितली जाणारी एक जन्मपत्रिका आहे. आम्हांस तर त्या पत्रिकेपुढे हसू आवरत नाही. केवढा तो खटाटोप! कोणा ज्योतिषीबुवांनी बसून ग्रहांच्या घरांची घरे भरली, आयुष्याची सगळी वाट कागदावर आखली. ज्याच्यासाठी आखली तो आपल्या वाटेने गेला आणि गुंडाळी मागे राहिली. हजार कीर्तनांत जे सांगावे ते हा कागद न बोलता सांगतो. असो.

नगर शहर १४९० साली मलिक अहमदाने वसविले, म्हणून अहमदनगर. २०२४ साली त्याचे नाव अहिल्यानगर झाले. पुण्यश्लोक अहिल्यादेवींचे जन्मगाव चोंडी याच जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात. दारावरची पाटी अशी काळानुसार बदलते. जुन्या कागदांवर मात्र ज्या वेळी जे नाव होते तेच राहते, आणि ते तसेच राहावे यासाठीच अशी घरे बांधावी लागतात. कोल्हापूरचे चौथे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी याच नगरच्या किल्ल्यात, इंग्रजांच्या कैदेत, ऐन तारुण्यात वारले. पंडित नेहरूंनी आपला भारताच्या शोधाचा ग्रंथ १९४२ नंतरच्या तुरुंगवासात याच किल्ल्यात लिहिला. दुसरी गोष्ट पुष्कळांना ठाऊक आहे, पहिली थोड्यांना. कागद जपणारे कोणी नसते तर तीही गेली असती.

आता वडिलांचा पक्ष. तो आम्ही हसण्यावारी नेणार नाही, कारण त्यात खोल सत्य आहे. मूर्ती ती पूजेची. तिला स्नान, नैवेद्य, शेजारती हवी. भक्ताने हाक मारावी आणि तिने ऐकावी, असा तिचा व्यवहार. ती काचेआड गेली की हा व्यवहार तुटतो. आपल्या परंपरेत भानुदास महाराजांची कथा आहेच. विजयनगरच्या राजाने प्रेमापोटीच पांडुरंगाची मूर्ती आपल्या राजधानीत नेली. तेथे तिला काय उणे होते? सोन्यारूप्याची पूजा होती. पण पंढरी ओस पडली, संत कासावीस झाले, आणि भानुदासांनी देवाला परत आणले. देव जेथे सुरक्षित तेथे असावा, की जेथे त्याची माणसे तेथे असावा, या प्रश्नाला संतांनी दिलेले हे उत्तर आहे. धामधुमीच्या काळात पंढरीच्या बडव्यांनी मूर्ती आसपासच्या गावी लपविल्या, पण संकट टळताच पुन्हा विटेवर आणल्या. लपवणे हे काही मूर्तीचे घर नव्हे.

म्हणून पूजेत असलेली मूर्ती देवळातून काढून संग्रहालयात नेणे आम्हांस मान्य नाही. यात आमची भीड नाही.

परंतु संग्रहालयात येतात त्या मूर्ती बहुधा अशा नसतातच. नांगराच्या फाळाला लागलेल्या, विहीर खणताना सापडलेल्या, पडक्या देवळाच्या ढिगाऱ्यातल्या, हात तुटलेल्या, नाक झिजलेल्या. शास्त्र सांगते की भंगलेली मूर्ती पुजू नये, तिचे विसर्जन करावे. त्यामुळे गावोगाव अशा मूर्ती वडाखाली, पारावर, नदीच्या काठी उन्हापावसात पडलेल्या दिसतात. देवळाने त्यांना बाहेर ठेवले आणि नदीपर्यंत कोणी नेले नाही. पूजेचा अधिकार संपलेल्या देवाला बसायला जागा देणारे हे संग्रहालय एका अर्थी अनाथाश्रमच म्हणायचे. अनाथाश्रम असावा की नसावा, हा वाद आई घरात आहे त्याने घालू नये.

तेथे गेल्यावर कसे वागावे? हात जोडावे की नुसते पाहावे? आम्ही एका दुसऱ्या गावच्या लहानशा संग्रहालयात पाहिलेली गोष्ट सांगतो. खेड्यावरची एक म्हातारी आली होती. नातू दवाखान्यात होता, डॉक्टरांना यायला वेळ होता, म्हणून सावलीला आत शिरली. दाराशी वहाणा काढल्या. गणपतीच्या मूर्तीपुढे कपाटाच्या काचेला कपाळ टेकले, आणि कनवटीचे नाणे काढून कपाटावर ठेवले. शाळेची पोरे आली होती, ती फिदीफिदी हसली. तिथला शिपाई भला माणूस होता. तो म्हणाला,

"आजी, हे देऊळ न्हाई. हितं पाया पडायचं नसतं."

"आसंल बाबा. पर गणपती हाय न्हवं ह्यो?"

"हाय की."

"मग झालं. आन् कुठल्या गावचा म्हनायचा?"

शिपायाने वाकून चिठ्ठी वाचली. चिठ्ठीवर लिहिले होते, 'गणेश, पाषाण.' गावाचे नाव नव्हते. म्हातारी थोडा वेळ उभी राहिली, पुन्हा हात जोडले, नि गेली. पोरे तोवर तलवारींपाशी पोचली होती.

आता यात चूक कोणाची? म्हातारीची नव्हे. तिने दर्शन घेतले आणि दर्शन घेऊन झाल्यावर नेमका तो प्रश्न विचारला जो मोठ्या संशोधकाने पहिल्याने विचारावा. हा कुठल्या गावचा? कोणी घडवला, कोणी पुजला, तिथून इथे कसा आला? भाव आणि चौकशी या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत अशी एक समजूत अलीकडे दोन्ही बाजूंनी पसरली आहे. शिकलेले म्हणतात, हात जोडले की डोळे मिटतात. भाविक म्हणतात, चौकशी केली की भाव आटतो. त्या निरक्षर बाईच्या ठिकाणी दोन्ही एका श्वासात होती.

नेवाशाचा पैस खांब हा याचा थोर दाखला. श्रीमाउलींनी शके १२१२ मध्ये, म्हणजे १२९० साली, ज्या खांबाला टेकून गीतेवरील टीका सांगितली अशी संप्रदायाची श्रद्धा आहे, तो खांब आजही आपल्या जागी उभा आहे. ज्या करवीरेश्वराच्या देवळाचा तो खांब, ते देऊळ गेले. भिंती गेल्या, छत गेले. एकच खांब राहिला, आणि तो का राहिला? भाविकांनी त्याला माउलींची पाठ लागलेली मानली म्हणून. कोणत्याही संग्रहालयाने तो राखला नाही, पिढ्यान् पिढ्यांच्या नमस्कारांनी राखला. पुढे त्याच्याभोवती मंदिरही उभे राहिले. ज्यांना वाटते की श्रद्धा वस्तू जपत नाही, त्यांनी नेवाशाला जाऊन यावे.

पण त्याच खांबावर कोरलेला एक लेख आहे. करवीरेश्वराच्या अखंड नंदादीपाच्या तेलासाठी कोणी दान दिले त्याची ती नोंद आहे. शेकडो वर्षे लाखो माणसांनी त्या अक्षरांवर डोके टेकले आणि अक्षरे काय सांगतात हे कोणाला ठाऊक नव्हते. जाणत्यांनी ती वाचली तेव्हा कळले, की माउली जेथे बसली तेथे तिच्या आधी कोणी एक माणूस दिवा विझू नये म्हणून तेलाची तजवीज करून गेला होता. याने खांबाचे महत्त्व कमी झाले काय? आमच्या मते नेवाशाला जाणाऱ्याचा नमस्कार आता दोघांना होतो.

त्याच नेवाशात १९५४ ते १९५६ या काळात पुण्याच्या डेक्कन कॉलेजने डॉक्टर सांकळिया यांच्या देखरेखीखाली उत्खनन केले. प्रवरेच्या काठी तीन हजार वर्षांहून जुनी वस्ती निघाली. घरांच्या जमिनीखाली लहान मुलांची पुरणे निघाली. दोन मातीचे रांजण तोंडाशी तोंड लावून आडवे ठेवलेले, आत मुलाची हाडे. एका लेकराच्या गळ्यात तांब्याच्या मण्यांची माळ होती, आणि मणी ज्या दोऱ्यात ओवले त्या दोऱ्याचे तंतूही तांब्याच्या गंजाला चिकटून टिकले होते. हे वाचले त्या दिवशी आम्हांस दुसरे काही सुचेना. मेलेले मूल गावाबाहेर न नेता त्या आईने आपल्या घराच्या जमिनीखालीच ठेवले. का ठेवले हे सांगायला ती नाही, पण दूर पाठवायला तिचा जीव झाला नसावा, असे आम्हांस वाटते. हिचा देव कोणता, भाषा कोणती, नाव काय, काहीच कळत नाही. तरी जिच्या पोटचे पोर गेले अशी कोणीही आई तिला ओळखील. भूतमात्रांविषयी कळवळा बाळगा असे आम्ही कीर्तनातून सांगतो तेव्हा भूतमात्र म्हणजे आज जिवंत असलेलेच असा अर्थ करून घेतो. खापरे आणि मणी पाहिल्यावर ती मर्यादा फार तोकडी वाटू लागते. ही माळ कोणी भंगारात घातली असती, तर तीन हजार वर्षांपूर्वीचे ते रडणे आमच्यापर्यंत पोचलेच नसते.

आता पोथीकडे वळू. मूळ प्रश्न तिचा आहे. मूर्ती आणि पोथी यांत एक भेद आहे आणि तो विसरल्यामुळे सगळा घोटाळा होतो. मूर्ती पुजण्यासाठी घडवली. पोथी वाचण्यासाठी लिहिली. पोथी लिहिणारे लेखक शेवटच्या पानावर विनवून सांगत असत, की हिला तेलापासून जपा, पाण्यापासून जपा, बांधणी सैल ठेवू नका, आणि जिला वाचता येत नाही अशा हाती देऊ नका. आम्ही काय करतो? दसऱ्याला तिच्यावर गंधाचे पाणी शिंपडतो, समईचे तेल तिच्या फळीवर गळते, हळदकुंकू पानांच्या कडांत शिरते. काजळाच्या शाईला उजेडाचे भय नाही, पाण्याचे आहे. जुन्नरचा किंवा दौलताबादजवळच्या कागदीपुऱ्याचा तो हातकागद जात्याच टिकाऊ. दोन-तीनशे वर्षे सहज टिकला. तो आमच्या पूजेने कुजतो! लिहिणाऱ्याने ज्या तीन गोष्टींची भीती घातली त्यांतल्या दोन आम्ही भक्तिभावाने दरसाल करतो, आणि चौथी, म्हणजे न वाचणाऱ्याच्या हाती ठेवणे, ती बाराही महिने करतो.

थोरल्या बंधूंचे म्हणणे गंगेत सोडण्याचे. त्यांना आम्ही एवढेच विचारतो, की इंद्रायणीच्या डोहाची कथा आपण कोणत्या अंगाने सांगतो? तुकोबारायांच्या वह्या बुडविल्या हा त्या कथेतला अपराध आहे, आणि त्या वर आल्या हा आनंद आहे. ज्या संप्रदायाने ती कथा शेकडो वर्षे डोळ्यांत पाणी आणून ऐकली, त्याच संप्रदायातील माणसाने आपल्या हाताने माउलींची ज्ञानेश्वरी पाण्यात सोडावी, हे कसे जुळते? घरोघरच्या अशा किती पोथ्या नदीत गेल्या याची मोजदाद कोणी ठेवलेली नाही.

कोणी म्हणेल, ज्ञानेश्वरी तर छापली आहे, बाजारात हवी तितकी मिळते, मग या एका हस्तलिखिताने काय अडते? या प्रश्नाचे उत्तर शांतिब्रह्म एकनाथ महाराजांनी देऊन ठेवले आहे. माउलींनंतर तीनशे वर्षांत नकलांवर नकला होऊन पाठ बिघडले होते. नाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ साली, अनेक प्रती मिळवून, ताडून पाहून, ग्रंथ शुद्ध केला, आणि पुढे कोणी त्यात आपली भर घालू नये असा इशारा देऊन ठेवला. प्रती ताडून पाहणे म्हणजे काय? ज्यांच्या घरी त्या होत्या त्यांनी त्या नाथांच्या हाती दिल्या असतील तेव्हाच ना हे झाले! त्या काळी कोणी म्हटले असते, की आमची पोथी देवघरातून हलायची नाही, तर आज आपण पारायणाला जो पाठ घेतो तो कसा असता? पुढे १९०९ साली इतिहासाचार्य राजवाडे यांनी नाथपूर्व म्हणून एका जुन्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली. ती मूळ पोथी आज पाहावयास मिळत नाही. राजवाड्यांनी अक्षर कसे वाचले हे पडताळून पाहण्याची सोय त्यामुळे उरली नाही. एक पोथी गेली म्हणजे किती जाते ते यावरून समजावे. उद्या कोणी अभ्यासक माउलींचा एखादा शब्द शोधील, तेव्हा या आमच्या गृहस्थांच्या पणजोबांनी कोणत्या प्रतीवरून नक्कल केली होती, त्या प्रतीत तो शब्द कसा होता, हेच नेमके लागेल.

आणि नगर जिल्ह्यातील वारकऱ्याने तर हे दुसऱ्याकडून शिकण्याचे कारण नाही. राहुरी तालुक्यातील ताहाराबादचे महिपती महाराज कोण होते? गावचे कुळकर्णी. जमाखर्चाची लेखणी त्यांनी खाली ठेवली ती संतांची चरित्रे लिहिण्यासाठी पुन्हा उचलली. शके १६८४ मध्ये, १७६२ साली, त्यांचा भक्तविजय पुरा झाला. आपण मनाने रचून काही सांगत नाही, आधी नाभाजींनी आणि उद्धवचिद्घनांनी लिहिले त्याच्या आधारे सांगतो, असे ते स्पष्ट सांगतात. कुळकर्ण्याची सवय ती! कोणाकडून आले, कोठे नोंदले, हे लिहिल्याशिवाय त्यांचा हात पुढे सरकत नाही. नामदेव-गोरोबांच्या ज्या कथा आपण लहानपणी आजीच्या मांडीवर ऐकल्या, त्यांतल्या कितीतरी या एका माणसाने जमा करून ठेवल्यामुळे आजीपर्यंत पोचल्या. वस्तुसंग्रहालय हा शब्द त्यांना ठाऊक नसेल, काम तेच केले.

मग सगळेच संग्रहालयाला द्यावे काय? नाही, नाही. आपल्या दिंडीतला टाळ पाहा. आजोबांचा टाळ नातू वाजवतो, दोरी तुटली की नवी ओवतो. मृदंगाची पुडी बदलतात, वीणेची तार बदलते, पताका फाटली की नवी शिवतात. वापराने वस्तू झिजते आणि तशी झिजावी. कोणी मोठा अधिकारी आला आणि म्हणाला, शंभर वर्षांचा टाळ आहे, कपाटात ठेवू, तर त्याला नमस्कार करून सांगावे, अजून वाजतो आहे. जी पोथी आजही रोज उघडली जाते, जिच्यावरून मुलाला ओवी लावून देतात, ती घरचीच आहे. मोडी आणि जुनी बाळबोध अक्षरवाटिका वाचणारा जर घरात एक जरी असेल, तर पोथीने घर सोडण्याचे काही कारण नाही.

तसा कोणी नसेल तर मात्र लवकर निर्णय करावा, कारण नदी आणि संग्रहालय यांच्यामध्ये एक तिसरा गिऱ्हाईक उभा आहे. जुन्या वस्तू घेणारे व्यापारी खेडोपाडी फिरतात. पितळेच्या समया, देवांचे टाक, लाकडी देव्हारे, चित्रांच्या पोथ्या किलोच्या भावाने नेतात. वाटणीच्या वेळी भावाभावांत ज्यावरून भांडण नको असते, अशी वस्तू पहिल्याने यांच्या पोत्यात जाते. १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांची वस्तू आणि पंचाहत्तर वर्षांचे महत्त्वाचे हस्तलिखित पुरावस्तू ठरते. ते परदेशी नेणे हा गुन्हा आहे. परंतु पोत्यात शिरलेल्या पोथीचा माग कायद्याला लागणे कठीण. सोडलेली पोथी निदान गंगेत गेली असे म्हणता येते. विकलेली कोठे गेली, हे कोणालाच सांगता येत नाही.

तेव्हा त्या गृहस्थांना आमचे सांगणे असे आहे, की मुलगा म्हणतो ते करावे, पण वडिलांची व्यथा मनात ठेवून करावे. संग्रहालय चालवणाऱ्यांवरही यात कर्तव्य येते. कित्येक लहान गावांच्या संग्रहालयांत धूळ, वाळवी आणि बंद दार यांचेच राज्य असते. तेथे पोथी देणे म्हणजे एका माळ्यावरून दुसऱ्या माळ्यावर टाकणे होय. म्हणून देण्यापूर्वी स्वतः जाऊन पाहावे. पोथ्या कोरड्या जागी आहेत काय, त्यांची यादी आहे काय, वाचायला मागितली तर मिळते काय, आणि तिची छायाचित्रे काढून एक संच घरी देतील काय, हे विचारावे. विचारण्यात संकोच कसला? मुलगी देताना घर पाहतोच की नाही?

वडिलांच्या समाधानासाठी देण्याच्या आधी एक सप्ताह करावा. गावात किंवा शेजारच्या गावात जुने अक्षर लावणारा कोणी सापडेल, त्याला बोलवावे, आणि निदान एक अध्याय त्या पोथीवरूनच वाचवावा, घरच्या सगळ्यांनी बसून ऐकावा. वाचणारा अडखळेल, अडखळू द्यावे. छापील प्रत बाजूला धरून लहान मुलांनी पाहावे, कोठे शब्द वेगळा येतो. पाने मोजावीत. गहाळ असतील ती लिहून ठेवावीत. मध्ये सापडलेले तुळशीचे पान, हिशेबाची चिठ्ठी, काहीही टाकू नये. तांबडे बासनही त्याच पोथीबरोबर जाऊ द्यावे. आणि एका चांगल्या कागदावर स्वच्छ लिहावे: पोथी कोणी लिहिली, कोणत्या गावी, कोणत्या घराण्यात होती, कोणत्या सणाला निघत असे, कोणी वाचीत असे, कोणापासून वाचणे बंद पडले. ते शेवटचेही लिहावे. तो कागद पोथीच्या वरच्या फळीखाली ठेवावा, एक नक्कल आपल्यापाशी ठेवावी आणि पावती घ्यावी. त्र्यंबकेश्वरहून निघणारी निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून पंढरीला जाते. त्या वेळी घरातील ज्याला सवड असेल त्याने पावती घेऊन जावे, पोथी काढून दाखवा म्हणावे, आणि स्वच्छ कोरड्या हातांनी चार पाने उलटून यावे.